पैंगीणची पाल

काणकोण तालुक्यातलं पैंगीण हे गाव गोव्यात वेताळाच्या देवळामुळे आणि तिथल्या गड्यांच्या जत्रेमुळे ओळखलं जातं. प्राणिशास्त्रात या गावाची नोंद आहे ती वेगळ्याच कारणाने. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे आर. सी. शर्मा यांनी १९७६ साली गोव्यातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात बोटभर लांबीच्या एका रानपालीचं पहिल्यांदाच वर्णन होतं. तिला त्यांनी ‘निमास्पिस गोवाएन्सिस’ हे नाव दिलं आणि तिचं ठिकाण छापलं : फॉरेस्ट रेस्ट हाउस, पैंगीण, काणकोण, गोवा.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला हाच पत्ता आठवला. माणसाच्या मुक्कामाच्या जागेवरून ज्या रानजिवाची शास्त्रात ओळख झाली, त्याच्याहून जवळचा शेजार कोणता? तरी या शेजाऱ्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नाही. घरातल्या पालीची दखल पंचांगानेसुद्धा घेतली आहे. ती अंगावर कुठे पडली तर काय फळ, हे सांगणारं पल्लीपतनाचं कोष्टक त्यात असतं. रानातल्या पालीच्या वाट्याला कुतूहलही आलं नाही आणि भीतीही.

म्हणून मी गोव्यात आणि सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, घाटाच्या पायथ्याची रानं बघत फिरले. सोबत कधी सरीसृपांचा अभ्यास करणारी तरुण मुलं असत, कधी गावातलं कोणी. एका पालीचं नाव आणि तिचा मुलूख नक्की कसा ठरतो, एवढंच मला समजून घ्यायचं होतं.

बोटांना गादी नाही

सप्टेंबर संपत आला होता. दोडामार्ग तालुक्यात तिलारीच्या बाजूला एका व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने आम्ही चाललो होतो. किंजळ आणि सातवीण वर दाटून आलेली, खाली शेवाळलेले काळे धोंडे. सकाळचे दहा वाजले तरी तिथे ऊन पोचलं नव्हतं. वाट ज्यांच्या बागेतून जात होती ते काका विळा हातात घेऊन थांबले आणि विचारू लागले, “काय शोधतास?” पाल, म्हटल्यावर ते म्हणाले, “पाल बघूक हयसर कशाक येवक व्हया? आमच्या पडवीत चार आसत.”

पडवीतल्या त्या चार पाली म्हणजे हेमिडॅक्टिलस. त्या रात्रीच्या. दिव्याजवळ दबा धरून बसतात, त्यांच्या डोळ्याची बाहुली उभ्या फटीसारखी असते, आणि बोटांच्या तळाशी रुंद गादी असते. त्या गादीवर अतिसूक्ष्म केसांचे थर असतात. पृष्ठभागाचे रेणू आणि हे केस यांच्यातल्या आकर्षणावर पाल काचेवरून, छतावरून चालते. तिथे चिकट द्रवाचं काही काम नसतं.

आम्ही शोधत होतो ती निमास्पिस दिवसाची. बाहुली गोल. बोटांना गादी नाही. बोटं लांब, बारीक, पेरापेरात वाकलेली, टोकाला नखी. काचेवर तिचा निभाव लागत नाही, पण खडबडीत साल, जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, कातळ, रस्त्याखालची मोरी यांवर ती सरसर चालते. मुस्कटापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंग यातल्या पुष्कळशा जातींत साडेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेर भरतं. रंग झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या दगडफुलाचा. करडा, बुरसट, मध्ये फिकट ठिपके.

ती दिसली ती आधी हलल्यामुळेच. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, डोकं खाली करून खोडाला चिकटलेली. मी एक पाऊल पुढे टाकलं तशी ती खोडाला वळसा घालून पलीकडे गेली. मी पलीकडे गेले, ती अलीकडे आली. मधे झाड राहील अशा बेताने ती फिरत होती. सोबतच्या मुलाने मला थांबायला सांगितलं. आम्ही दोघं न हलता उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ती पुन्हा आमच्या बाजूला आली, एक बारीकशी माशी टिपली, आणि मान उंचावली तेव्हा गळ्याचा पिवळेपणा क्षणभर दिसला. नर होता.

हा पिवळा गळा नुसता शोभेचा नाही. या वंशातल्या अनेक जातींत नर आणि मादी रंगाने वेगळे असतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ‘निमास्पिस मायसोरिएन्सिस’ या जातीवर काम केलं आहे. तिच्या नरांच्या संवादात गळ्याच्या पिवळ्या डागाचा वाटा असतो. रात्रीच्या पाली आवाजावर आणि वासावर बरंच काम भागवतात, दिवसाच्या पालीला रंग वापरता येतो. तोच रंग पक्ष्याच्याही नजरेस पडू शकतो, म्हणून तो अंगाच्या खालच्या बाजूला, हवा तेव्हाच दिसेल असा असतो.

ही कोणती जात, असं मी विचारलं. त्या मुलाने उत्तर द्यायला वेळ घेतला. “निमास्पिस आहे हे नक्की. त्यापुढचं हातात घेतल्याशिवाय सांगू नये.”

नाव देण्याची रीत

त्याचा सावधपणा रास्त होता. एखादी जात नवी म्हणून जाहीर करायची तर प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे चालावं लागतं. एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडायचा, तो सार्वजनिक संग्रहात ठेवायचा, कुठे मिळाला ते लिहायचं, आधी माहीत असलेल्या जातींहून तो कशात वेगळा हे दाखवायचं. त्या नमुन्याशी नाव कायमचं बांधलं जातं. पुढे मतं बदलली, पुस्तकं बदलली, तरी ‘गोवाएन्सिस’ म्हणजे काय याचा निवाडा शर्मांनी निवडलेल्या त्या एका पालीवरूनच होणार. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्याने यात आणखी एक अट घातली. नवी जात सापडली तर तिचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहालयात जमा करावा लागतो.

नमुना हाती आला की सुरू होते खवल्यांची मोजणी. भिंगाखाली पाल ठेवून पोटाच्या मध्यावर आडवे किती खवले, ते गुळगुळीत की मधोमध कणा उठलेले, पाठीवरचे दाणे एकसारखे की त्यांत मोठी टेंगळं मिसळलेली, कुशीवर काट्यांसारखे खवले आहेत की नाहीत, शेपटीच्या खालची मधली ओळ रुंद आहे का, हे सगळं टिपायचं. नराच्या मांडीच्या आतल्या कडेला आणि गुदद्वाराच्या पुढे बारीक रंध्रं असतात. त्यांतून मेणासारखा स्राव येतो. ही रंध्रं किती आणि कुठे, ती एका सलग ओळीत आहेत की मध्ये खंड आहे, यावर जातीच्या जाती वेगळ्या होतात. दाजीपूरच्या रानातून २००९ मध्ये वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या ‘निमास्पिस कोल्हापुरेन्सिस’ची ओळख इथेच पटते. तिच्या नराला एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत २४ ते २८ रंध्रांची अखंड ओळ असते. ती झाडावर नव्हे, पालापाचोळ्यात वावरते.

हे काम डोळ्यांची परीक्षा पाहणारं आहे. साडेतीन सेंटिमीटरच्या जिवाच्या पोटावरचे खवले मोजताना एकाची गणती दुसऱ्याशी जुळेलच असं नाही, म्हणून चांगले अभ्यासक तोच नमुना पुन्हा पुन्हा मोजतात. मला या मोजणीबद्दल मनापासून आदर वाटतो. छायाचित्र काढून समाजमाध्यमावर नाव टाकणं आज फार सोपं झालं आहे. त्या नावाच्या मागे कोणीतरी अशी मान मोडून बसलेलं असतं.

एका नावाखाली अख्खा किनारा

भारतातल्या निमास्पिसांची नावं जुनी आहेत. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४६ मध्ये नीलगिरीतून ‘इंडिका’ सांगितली. टी. सी. जर्डन यांनी १८५३ मध्ये बंगळूरची ‘मायसोरिएन्सिस’ आणि मलबारची ‘लिट्टोरालिस’ सांगितली. पुढे कर्नल बेडम यांनी दक्षिणेतल्या डोंगरांतून आणखी काही. १९३५ साली माल्कम स्मिथ यांचा भारतातल्या सरड्या-पालींवरचा ग्रंथ आला आणि कित्येक दशकं तोच प्रमाण राहिला. ग्रंथ मोलाचा, पण त्याच्या मांडणीत दिसायला सारख्या पाली एका नावाखाली येत आणि त्या नावाचा मुलूख फार मोठा होत असे. रानात पाल पाहणाऱ्याने ग्रंथ उघडायचा, जवळचं नाव शोधायचं आणि ते लावायचं, अशी चाल पडली.

या चालीत कोकणच्या पालीला जवळचं नाव मिळालं ते ‘गोवाएन्सिस’. नाही तर ‘इंडिका’ किंवा ‘मायसोरिएन्सिस’. सिंधुदुर्गात दिसली, कोल्हापुरात दिसली, नाव यांपैकीच एक. यात कोणाचा आळस नव्हता. सगळे मूळ नमुने एकत्र तपासायला कोलकाता, लंडन आणि आणखी कुठे कुठे जायला हवं होतं, आणि बोटभर पालीसाठी ती सोय कोण करणार?

गाठ सुटायला सुरुवात झाली ती श्रीलंकेतून. केलुम मनमेंद्र-आराच्ची आणि सहकाऱ्यांनी २००७ साली आपल्या बेटावरच्या दिनचर पालींचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. बेटावरच्या पालींचा निकाल लावायचा तर भारतातल्या जुन्या नावांचे मूळ नमुने पाहणं भाग होतं. त्यांनी ते पाहिले, आणि ओघात दक्षिण भारतातल्या तीन नव्या जातीही सांगितल्या. प्रत्येक जुन्या नावाचा अर्थ काय, हे आता नीट तपासता येऊ लागलं. ‘इंडिका’ आकसत आकसत नीलगिरीच्या उंच भागात परत गेली.

‘गोवाएन्सिस’चंही तेच झालं. अमित सय्यद, अलेक्झांडर पायरन आणि नीलेश डहाणूकर यांनी २०१६ मध्ये महाराष्ट्रातल्या पश्चिम घाटातून पिवळ्या पोटाची ‘निमास्पिस फ्लाविव्हेंट्रालिस’ वेगळी काढली. दोन वर्षांनी सय्यद, पायरन आणि दिलीपकुमार यांनी उत्तर पश्चिम घाटातून एकदम चार जाती जाहीर केल्या : ‘लिमयेई’, ‘अजिजे’, ‘आंबोलिएन्सिस’ आणि ‘महाबली’. त्याआधी २०१४ मध्ये कासच्या पठारावरून ‘निमास्पिस गिरी’ आली होती, वरद गिरी यांच्या नावाने. महाराष्ट्रातल्या सरीसृपांच्या अभ्यासात गिरी यांच्यामागून आलेल्या पिढीने त्यांच्या नावाच्या इतक्या जाती केल्या आहेत की ती या क्षेत्रातली गुरुदक्षिणाच म्हणावी.

सगळा किनारा व्यापून बसलेलं एक नाव असं आपल्या गावाकडे परतलं. पाली पूर्वी जिथे होत्या तिथेच होत्या. बदलला तो आपला नकाशा. एखाद्या जातीचा प्रदेश म्हणून पुस्तकात जो रंगवलेला दिसतो, तो बऱ्याचदा माणसं कुठे गेली आणि कुठे गेली नाहीत याचाच आलेख असतो, हे मला या सगळ्यातून पहिल्यांदा कळलं. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात गुंद नावाचं गाव आहे. तिथून आरन बाऊर यांनी २००२ मध्ये ‘इंद्रनीलदासी’ आणि ‘हेटेरोफोलिस’ या दोन जाती सांगितल्या. दुसरी गुंदपुरतीच असावी असं वाटत होतं, तोवर २०११ मध्ये ती दक्षिणेला आगुंब्याच्या रानात मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. एका जातीचा मुलूख असा वाढतो, दुसरीचा आकसतो, आणि दोन्ही वेळा कारण एकच : कोणीतरी जाऊन पाहिलं.

इतक्या जाती का?

वाघ घाट ओलांडतो, नदी पोहून जातो. निमास्पिसला दोन ओढ्यांमधला उन्हाचा माळसुद्धा पार करणं कठीण. अंग एवढंसं, ते लवकर सुकतं, लवकर तापतं. सावली, ओल आणि खरखरीत आधार या तीन गोष्टी एकत्र जिथे, तिथेच तिचा संसार. मादी एका वेळी दोन अंडी घालते, कठीण कवचाची, कातळाच्या फटीत किंवा झाडाच्या ढोलीत चिकटवलेली. काही जातींत अनेक माद्या एकाच फटीत वर्षानुवर्षं अंडी घालतात, जुन्या कवचांच्या खुणांवर नवी अंडी. एका व्हाळाच्या दोन बाजूंना ज्याच्या पिढ्यान् पिढ्या जातात, त्या जिवाला दूर जायचं कारणही नसतं आणि साधनही नसतं.

आता हा स्वभाव पश्चिम घाटावर ठेवून पाहा. हवामान कोरडं झालं की सलग रानाचे तुकडे पडतात, ओलावा डोंगराच्या कुशीत आणि दऱ्यांत उरतो, पाली त्याच्यासोबत तिथे अडकतात. पुन्हा पावसाळी काळ आला तरी तोवर इतके दिवस गेलेले असतात की दोन बाजूंच्या पाली एकमेकींच्या राहत नाहीत. हे काही हजार वर्षांतलं नाही. म्हैसूर पठारावरच्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांत राहणाऱ्या निमास्पिसांवर ईशान अग्रवाल, तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये काम प्रसिद्ध केलं. त्यात या शाखांची फारकत मायोसीन काळापर्यंत मागे जाते, म्हणजे किमान ५० लाख वर्षं आणि त्याहूनही पुष्कळ मागे. आजूबाजूचं रान सुकलं तरी धोंड्यांच्या फटींतला गारवा टिकला, आणि त्या फटींनी त्यांना तगवलं.

दक्षिण कोकण आणि गोवा हा यासाठी खास मुलूख आहे. दख्खनचा काळा बेसॉल्ट इथेच संपत येतो. गोव्यात तो ईशान्य कोपऱ्यात थोडासा दिसतो आणि पुढे त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. वर सगळीकडे जांभा. डोंगर बदलतो, फटी बदलतात, झाडी बदलते. तेरेखोल, म्हादई, काळी या नद्या रानाला आडव्या जातात. कुठली नदी कुठल्या पालीची सीमा आहे, हे तपासायला याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

दिसायला मात्र सगळ्या जवळजवळ सारख्याच. सावलीच्या खोडावर जगायला जे अंग लागतं ते एकदा घडलं, मग फारसं बदललं नाही. म्हणून आज खवल्यांच्या मोजणीच्या जोडीला डीएनए लागतो. मायटोकाँड्रियातलं ‘एनडी-२’ हे जनुक पालींच्या अभ्यासात सर्रास वापरलं जातं. दोन ठिकाणच्या पालींत त्याच्या क्रमात किती फरक पडला हे पाहून नात्याचा वृक्ष मांडतात. सौनक पाल, झीशान मिर्झा, प्रिन्सिया डिसूझा आणि कार्तिक शंकर यांनी २०२१ मध्ये पश्चिम घाटातून एकाच निबंधात १२ नव्या निमास्पिस सांगितल्या, त्यात असे दोन्ही पुरावे होते. त्यांतल्या एकीचं नाव ‘जॅकीआय’, जॅकी चॅनवरून. हातातून निसटण्यात ती तशीच पटाईत आहे.

वंशाचं नाव कोणाचं?

एक पेच अजून शिल्लक आहे, आणि तो पैंगीणपासून थेट व्हिएतनामच्या समुद्रापर्यंत जातो. ‘निमास्पिस’ हे वंशनाम स्ट्राउख यांनी १८८७ मध्ये दिलं ते कोन दाओ बेटांवरच्या पालीला. पुढे आफ्रिका, भारत-श्रीलंका आणि आग्नेय आशिया इथल्या गोल बाहुलीच्या, बारीक बोटांच्या, दिवसा हिंडणाऱ्या सगळ्या पाली त्याच नावाखाली गेल्या. अंगकाठी सारखी म्हणून कूळ एक, असा समज होता.

टोनी गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगभरच्या पालींचा जनुकीय वृक्ष मांडला, तेव्हा तो समज टिकला नाही. बोटांची चिकट गादी पालींत अंदाजे ११ वेळा स्वतंत्रपणे घडली आणि नऊ वेळा नाहीशी झाली, असं त्या कामात दिसलं. म्हणजे गादी नसणं हा नात्याचा पुरावा नव्हेच. आफ्रिकेतल्या, आपल्याकडच्या आणि आग्नेय आशियातल्या ‘निमास्पिस’ एकमेकींच्या जवळच्या बहिणी नाहीत. सारख्या जागी सारखं जगताना तिघींची अंगं सारखी झाली आहेत.

नियमाने ‘निमास्पिस’ हे नाव जिथून आलं तिकडच्या पालींचं, म्हणजे आग्नेय आशियाचं. आफ्रिकेतल्या काही जातींना त्यांचं वेगळं जुनं वंशनाम आता परतही मिळालं आहे. आपल्या पालींचं वंशनामही उद्या बदलू शकतं. तसं झालं तरी ‘गोवाएन्सिस’ हा दुसरा शब्द राहील, आणि संहितेच्या रिवाजाप्रमाणे शर्मांचं नाव आणि १९७६ हे साल कंसात जाईल. वाचणाऱ्याला त्या कंसावरून कळेल की ही पाल आधी दुसऱ्या वंशात धरली होती.

डोंगरमाथ्याला मान, पायथ्याला रस्ता

पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य केली. महाराष्ट्रातली त्यांतली चार : कास, कोयना, चांदोली, राधानगरी. चारही घाटमाथ्यावरची किंवा त्याच्या कडेची. कासची ‘गिरी’ आणि दाजीपूरची ‘कोल्हापुरेन्सिस’ या यादीत बसल्या. गोव्यातलं एकही ठिकाण या ३९ मध्ये नाही. गोव्याची अभयारण्यं चांगली आहेत. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही घाटाच्या अंगाने जवळजवळ सलग पट्टा करतात, आणि खोतीगाव तर काणकोणातच आहे. पण घाटाच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतचं सखल रान बहुतेक या पट्ट्याच्या बाहेर पडतं.

सखल रान म्हणजे नेमकं काय, हे फिरताना डोळ्यांसमोर येत गेलं. ते नकाशावर हिरवा ठिपका म्हणून दिसत नाही. कुळागराच्या कडेची आंब्या-फणसाची जुनी झाडं, देवाच्या रायीतला अंधार, व्हाळाच्या दोन्ही तीरांची झाडोऱ्याची पट्टी, चिऱ्याच्या गडग्यावर वाढलेलं शेवाळ, असे त्याचे तुकडे असतात. निमास्पिसला यातलं पुष्कळसं चालतं. सुपारीच्या बागेला लागून सावलीचा गडगा असेल तर ती तिथेही दिसते. तिला सहन होत नाही ते एकदम उघडं पडणं. काजूसाठी किंवा रबरासाठी डोंगर साफ केला की खोडं जातात, मातीला ऊन लागतं, व्हाळ मार्चमध्येच आटतो. नव्या झाडांची रांग दुरून हिरवी दिसते, पण तिच्या खोडांवर मला ही पाल कुठे दिसली नाही.

कोकणातलं बरंचसं रान खासगी मालकीचं आहे. मालकाला त्यातून काही मिळालं पाहिजे, ही त्याची अपेक्षा चूक नव्हे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली, २०२० मध्ये तिलारीचं सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव झालं. दोन्ही निर्णय हत्ती आणि वाघ यांच्या वाटांकडे पाहून झाले, आणि पालीला त्याचा आपसूक फायदा मिळाला. पण आपसूक मिळणाऱ्या संरक्षणाची मर्यादाही तिथेच आहे. वाघाला लागतं सलग जंगल, पालीला पुरतो एक व्हाळ. असा एकटा व्हाळ कोणत्याही आराखड्यात येत नाही.

अपवाद आहेत, आणि ते मन लावून पाहण्यासारखे आहेत. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथे देवराईत रानजायफळाच्या झाडांची दलदल आहे. चिखलातून वर आलेली गुडघ्यांसारखी मुळं, बारा महिने ओल, दिवसाही संध्याकाळ. महाराष्ट्राने २०२१ मध्ये ती जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र जेमतेम काही एकरांचं. गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राय आहे, तीही अशीच जायफळाची, देवाच्या नावाने राखलेली. एवढं लहान क्षेत्र टिकून काय उपयोग, असं वाटू शकतं. बोटभर पालीच्या बाबतीत तो हिशेब वेगळा होतो. पिढ्यान् पिढ्यांची ओल, जुनी खोडं आणि न हललेले धोंडे असतील, तर काही एकरांतही तिची वसती तग धरू शकते. सरकारचा फलक लागण्याच्या कितीतरी आधीपासून गावाने हे रान राखलं, ते देवाच्या धाकाने असो की पाण्याच्या गरजेने.

पैंगीण का टिकायला हवं

शेवटी पुन्हा नावाकडे यावं लागतं, कारण सगळा व्यवहार त्यावर चालतो. उद्या कोणी सिंधुदुर्गातल्या किंवा कारवारच्या एखाद्या व्हाळावर पाल पाहिली आणि ती नवी आहे असं म्हटलं, तर पहिला प्रश्न येणार : ती ‘गोवाएन्सिस’ तर नाही ना? हे खवल्यांवरून पूर्ण ठरत नाही, तिथे डीएनए लागतो. जुन्या काळी नमुने फॉर्मालिनमध्ये टिकवत आणि मग मद्यार्कात ठेवत. फॉर्मालिन डीएनएचे तुकडे करतं, त्यातून विश्वासार्ह क्रम मिळवणं फार कठीण. आजचे अभ्यासक नमुना फॉर्मालिनमध्ये जाण्याआधीच यकृताचा किंवा शेपटीच्या टोकाचा कण शुद्ध मद्यार्कात वेगळा ठेवतात. १९७६ च्या आसपास ती रीत नव्हती.

म्हणून अभ्यासक मूळ स्थानावर परत जातात आणि त्याच जागची जिवंत पाल तुलनेसाठी घेतात, वनखात्याची परवानगी काढून, लागतील तेवढीच. त्या जागी पाल उरली नसेल तर ते नाव अर्धवट लटकतं. आजूबाजूच्या किती जाती वेगळ्या, किती एकच, हेही मग ठामपणे सांगता येत नाही.

काणकोणात आता महामार्गाचा नवा वळणरस्ता झाला आहे, किनाऱ्याकडे घरं आणि हॉटेलं वाढत आहेत. पैंगीणच्या परिसरात मी पाहिलं तेव्हा जुन्या झाडांच्या खोडांवर आणि ओल्या भिंतींवर गोल बाहुलीच्या, बारीक बोटांच्या पाली होत्या. रेस्ट हाउसभोवतीची किंवा गावातली जुनी झाडं तोडण्याचा, जुना चिऱ्याचा गडगा पाडून सिमेंटची भिंत घालण्याचा निर्णय जेव्हा केव्हा पंचायतीसमोर किंवा खात्यासमोर येईल, तेव्हा फायलीत हा पत्ताही जोडलेला असावा : ‘निमास्पिस गोवाएन्सिस’, शर्मा, १९७६, मूळ स्थान पैंगीण.